नोकरी सोडा, लेखणी धरा

आधी वही घ्या. साधी दोनशेपानी नव्हे, ती किराणा लिहायला असते. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौक गाठा आणि जाड पुठ्ठ्याची, आत रिबीन असलेली, जरा पिवळसर कागदाची वही मागा. पहिल्या पानावर नाव, तारीख आणि खाली एक दमदार वाक्य. ते वाक्य सुचेपर्यंत दुसरं पान उलटायचं नाही. माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत. अकराही वह्यांचं पहिलं पान भरलेलं आहे आणि अक्षर, स्वतःच सांगतो, फार देखणं आहे.

वही झाली की प्रेरणा. ती कोकणात मिळते. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळात खानावळ चालवता चालवता लिहीत होते असं कुणी सांगेल, तिकडे लक्ष देऊ नका. गिऱ्हाईक ‘आणखी आमटी वाढा’ म्हणत असताना तुम्हाला सुचणार आहे का? तुम्हाला समुद्रासमोरची खोली लागेल, ओटीवर झोपाळा लागेल आणि जेवणात सुरमई. मी गेलो होतो. दोन दिवसांत वहीत एवढंच उतरलं: सुरमई थाळी दोन, सोलकढी जादा एक, टोल वेगळा. परतीच्या वाटेवर खरोखर एक ओळ सुचली होती, पण ती चिपळूणच्या आधीच सांडली.

लिहायची वेळ पहाटे चारची ठेवा. मोठे लेखक पहाटे लिहितात असं सगळे सांगतात आणि खात्री करायला त्या वेळी कुणी जागं नसतं. चारला गजर लावायचा, आवाज न करता चहा टाकायचा, खिडकीशी बसायचं, अंधाराकडे बघायचं. आमच्याकडे साडेचारला आतून आवाज येतो, “उठलाच आहात, तर पाण्याची मोटार लावा.” टाकी भरेपर्यंत उजाडतं. अंधार गेला की त्या दिवसाचं साहित्य संपलं.

हे वर्षभर नेमानं जमलं की पुढची पायरी, नोकरी सोडणे. नोकरी प्रतिभेला मारते, हे तुम्हाला पटलेलं आहेच. केशवसुत शाळामास्तर होते, मर्ढेकर आकाशवाणीत होते, विंदा कॉलेजात शिकवत होते, नारायण सुर्वे शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक होते, अरुण कोलटकर जाहिरातींच्या धंद्यात होते. बिचाऱ्यांची प्रतिभा कशी मारली गेली ते आपण बघतोच. जयंत नारळीकरांना तर तारे-आकाशगंगांतून फुरसत नव्हती. तरी १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली. आपली आद्याक्षरं उलटी केली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मजकूर पत्नीकडून लिहून घेतला. पहिलं बक्षीस मिळालं. तुम्ही असला वेडेपणा करू नका. पाकिटावर नाव ठळक लिहा, खाली मोबाईल नंबर, आणि संपादक मावसभावाच्या ओळखीतले असतील तर तेही.

मी स्वतः अजून राजीनामा दिलेला नाही, पण तो लिहून तयार आहे. आजवरच्या माझ्या लेखनात पूर्ण झालेलं तेवढंच. सहकारी बँकेत कर्जखात्यावर असतो. गेली सोळा वर्षं गहाणखतं तयार करतो आहे आणि त्यातलं एकही कुणी साभार परत केलेलं नाही. उलट लोक प्रत्येक पानावर सही करतात.

आता पैशाचं बघू, कारण पूर्णवेळ लेखकाला तेही लागतात म्हणे. धरा, तुमचं पुस्तक आलं. किंमत तीनशे रुपये, आवृत्ती पाचशे प्रतींची, मानधन छापील किमतीच्या दहा टक्के. एकूण एक प्रत विकली गेली तर पंधरा हजार. लिहायला तीन वर्षं लागली असतील तर महिन्याला चारशे सोळा रुपये आणि वर सासष्ट पैसे. आता यातून स्वतः विकत घेऊन नातेवाइकांना वाटलेल्या प्रती वजा करा. प्रकाशनाच्या कार्यक्रमाचं सभागृह, पाहुण्यांची शाल, श्रीफळ, बटाटेवडा आणि अध्यक्षांची रिक्षा वजा करा. उरलेल्या रकमेत निश्चिंतपणे जगा. (कर्जखात्यावरचा माणूस म्हणून सांगतो: या उत्पन्नावर आम्ही दुचाकीलाही कर्ज देत नाही.)

पुस्तकाआधी दिवाळी अंक गाठलेला बरा. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर कथा लागते. कथा पावसाळ्यातच पाठवावी लागते, म्हणजे दिवाळीत वाचायला जे काही येतं ते दमट हवेत शिजलेलं असतं. पूर्वी कथेसोबत आपलाच पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायची रीत होती. महिन्याभरात आपल्याच अक्षरातलं पाकीट आपल्याच दारात येऊन पडे, आत चिठ्ठी, साभार परत. त्या ‘साभार’मध्ये काय माया होती! आता ई-मेल पाठवायचा आणि गप्प बसायचं. तिकडूनही गप्प. एकदा मी नोव्हेंबरात भीत भीत विचारणा केली. उत्तर आलं, ‘पुढील वर्षीच्या अंकासाठी जाहिरात मिळवून द्याल का?’ संपादकांशी झालेला माझा हा पहिला वाङ्मयीन पत्रव्यवहार. छापून भिंतीला लावला आहे.

खचू नका, वरच्या पायरीकडे बघा. मराठीला ज्ञानपीठ मिळालं १९७४, १९८७, २००३ आणि २०१४ सालचं: खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे. मधली अंतरं तेरा, सोळा आणि अकरा वर्षांची. सरासरी काढली तर पुढचा नंबर २०२७च्या आसपास लागतो. हाताशी वेळ थोडा आहे. भाषण आधी लिहून ठेवा, पुस्तकाचं मागाहून बघता येईल.

आणि इतकं सगळं करून झालं की एके दिवशी फोन येतोच. मलाही आला. मामांचा. “अरे, तू लिहितोस ना? साडूच्या मुलीचं लग्न आहे, मंगलाष्टका हव्यात. पाच कडवी, सगळ्या मावश्यांची नावं आली पाहिजेत. एक हजार एक रुपयांचं पाकीट देणार आहेत.” आयुष्यातली पहिली व्यावसायिक मागणी! वही क्रमांक बारा घेतली. वृत्त अर्थातच शार्दूलविक्रीडित, एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती. आणि नवरीचं नाव अनुराधा. दोन लघू, दोन गुरू, म्हणजे आधी दोन आखूड अक्षरं, मग दोन लांब. ओळीत सगळीकडे ठेवून पाहिलं. ते दहाव्या अक्षरापासूनच बसतं, दुसरीकडे कुठेच नाही, आणि बाराव्यावर श्वास घ्यावा लागतो. म्हणजे भर मांडवात भटजी म्हणणार ‘अनुरा’, थांबणार, अर्धे लोक तेवढ्यात अक्षता टाकून मोकळे होणार, आणि मग ‘धा’.

तीन पहाटा गेल्या. टाकी तीनदा वाहिली. चौथ्या दिवशी मामांना फोन लावला.

“मामा, मुलीला घरी काय म्हणतात?”

“पिंकी.”

दोन गुरू. ओळीच्या सुरुवातीलाच बसते.