दुसऱ्या डोमेनबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला आणि लगेच तुमचं तिकीट (सपोर्टकडची तक्रारीची नोंद) उघडून पहिल्यापासून वाचलं. चालू होस्टिंगवर (साइट ठेवायला आमच्या सर्व्हरवर घेतलेल्या जागेवर) दुसरं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं दुसरं नाव, जोडलं तर नव्या नावावर जुनीच वेबसाइट उघडत राहिली, सपोर्टने दोनदा ‘४८ तास थांबा’ म्हणून सांगितलं आणि त्यातच त्या डोमेनवरचे मेल बंद पडले. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चूक आमची आहे, मनापासून माफी मागतो.

थांबायला सांगणंच चुकलं. डीएनएसमधले (कोणतं नाव कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या यंत्रणेतले) बदल सगळीकडे पोचायला वेळ लागतो हे खरं, पण नव्या नावावर तुमची जुनी साइट दिसत होती, म्हणजे डोमेन आमच्या सर्व्हरपर्यंत आलेलंच होतं. अडलं होतं ते फोल्डरपाशी. सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पानावर, नवीन डोमेन टाकताना डॉक्युमेंट रूट (साइटच्या फाइल्स असलेलं फोल्डर) शेअर करण्याचा एक चौकोन असतो आणि त्यात आधीच टिक असते. ती तशीच राहिली की दोन्ही नावं एकाच फोल्डरकडे जातात. एकाच साइटला दोन नावं हवी असतील तर ते बरोबर. तुम्हाला मात्र वेगळी साइट हवी होती. तुम्ही पहिल्याच दिवशी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ती टिक स्वच्छ दिसते. आमच्याकडे तो कुणी नीट पाहिला नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मेलचं नुकसान याहून मोठं. तुमचे मेल दुसऱ्या कंपनीकडे होते आणि आम्ही सरळ नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या डीएनएस नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलायला सांगितले. नेमसर्व्हर बदलले की डोमेनच्या सगळ्याच नोंदी नव्या जागेवरून वाचल्या जातात, आणि तुमच्या एमएक्स नोंदी (मेल कोणत्या सर्व्हरवर जायचे हे सांगणाऱ्या) इकडे कुणी उतरवून घेतल्याच नव्हत्या. मेल आमच्या सर्व्हरवर आले, इथे तसा मेलबॉक्स नव्हता, म्हणून पाठवणाऱ्यांकडे परत गेले. खरं तर नेमसर्व्हरला हात लावायची गरजच नव्हती. जुन्या ठिकाणीच ए रेकॉर्डमध्ये (साइट कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदीत) आमचा आयपी, म्हणजे आमच्या सर्व्हरचा आकडी पत्ता, टाकला असता, तर साइट इकडे आली असती आणि मेल जागच्या जागी राहिले असते. परत गेलेले मेल आम्हाला मिळवता येत नाहीत; पाठवणाऱ्यांचे पत्ते सर्व्हरच्या लॉगमधून काढून तिकिटात दिले आहेत, म्हणजे तुम्हाला त्यांना पुन्हा पाठवायला सांगता येईल.

एक गोष्ट मात्र पटली नाही. दुसऱ्या डोमेनला दुसरं होस्टिंग लागतं हे आम्ही लपवलं, असं तुम्ही लिहिलं आहे. तसं ते लागत नाही. तुमच्या प्लॅनमध्ये एकाहून जास्त डोमेन चालतात. वेगळे पैसे फक्त डोमेनच्या नोंदणीचे. डिस्क आणि मेमरी दोन्ही साइटना मिळून तेवढीच राहते.

आता नव्या डोमेनला स्वतःचं फोल्डर आहे, एमएक्स नोंदी भरल्या आहेत आणि एसएसएल सर्टिफिकेटही (साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं) लागलं आहे. मेल राउटिंग ‘रिमोट’वर केलं आहे, म्हणजे या डोमेनचे मेल बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवायचे हे आमच्या सर्व्हरला सांगितलं आहे, नाहीतर तुमच्या पहिल्या साइटच्या संपर्क फॉर्ममधून नव्या पत्त्यावर गेलेला मेल आमच्याच सर्व्हरवर अडकला असता. तो फॉर्म एकदा भरून पाहा. मेल आला नाही तर त्याच तिकिटावर कळवा. ते आता थेट माझ्याकडे येतं.