"राउटर आमचा, मग दीड हजार कशाचे?" – दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

वायफायच्या लहरींवरून घरातली हालचाल ओळखून फोनवर मेसेज पाठवणारी सोय आम्ही आईंच्या कोल्हापूरच्या घरी बसवली, तिच्याबद्दल तुम्ही इथं लिहिलेली तक्रार वाचली. आई झोपलेल्या असताना रात्री दोनला 'घरात हालचाल' असा मेसेज आला आणि तुम्हाला पुण्याहून शेजाऱ्यांना उठवावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आमचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, तीही आमचीच चूक.

पण "राउटर आमचा, नवीन वस्तू एकही नाही, तरी दीड हजार उकळले" हे लई लागलं. नवीन वस्तू लागत नाही म्हणूनच तर हे काम मेहनतीचं आहे. राउटर आणि तुमच्या टीव्हीमध्ये वायफायच्या लहरी सतत ये-जा करतात. वायफायच्या २.४ गीगाहर्ट्झ या नेहमीच्या पट्ट्यातली एक लहर साधारण १२.५ सेंटिमीटर लांब. माणूस मधून गेला की ती अंगावर अडते, वळते, आणि तेवढा बदल सॉफ्टवेअर टिपतं. पण त्याला आधी ते घर शिकवावं लागतं. मंगळवार पेठेतलं तुमचं जुनं घर, भिंती हातभर जाड. आईंना सोप्यात बसवून मी स्वतः अडीच तास मधली खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर अशा फेऱ्या मारत रीडिंग घेतली. राउटर ठेवायची जागा फळीवर खडूनं आखून दिली.

आमचा माणूस आला तेव्हा राउटर त्या खुणेवर नव्हता. लोखंडी कपाटामागं होता, आणि शेजारी टेबलफॅन फिरत होता. पत्र्यावर लहर आपटून परत फिरते, फिरती पाती तिला माणसासारखीच हलवतात. फोटो आहे, पण आईंच्या खोलीचा असल्यानं इथं टाकणार नाही. त्यांना दोष देत नाही, झाडताना सरकला असेल. पण जागा बदलली तर कळवा, हे पावतीच्या मागं लिहून दिलं होतं. पंख्याचं मात्र मी विचारायला हवं होतं. जानेवारीत तो बंद होता, माझ्या डोक्यात आलं नाही.

"आत कोण काय करतं ते यांना दिसतं" हेही तुम्ही लिहिलंय. साहेब, यात चेहरा नाही, आवाज नाही, काहीतरी हललं एवढंच कळतं. आईंना कॅमेरा नको होता म्हणूनच मी हे सुचवलं.

राजारामपुरीत आमचं दोन माणसांचं दुकान आहे. तुमची तक्रार वाचून लोकांनी आमची ठरलेली दोन कामं रद्द केली. रात्रीच्या फोनसाठी काहीतरी सोय करतोय. रविवारी मी स्वतः येतो, पंखा चालू ठेवून सगळं परत बसवून देतो, पैसे घेणार नाही. वेळ आईंना विचारून कळवा, त्यांची दुपारची झोप मोडायला नको.