३० ट्रक चिल्लर? नाही हो, तसं काही झालेलं नाही

परवा मीच ग्रुपवर टाकलेलं की सॅमसंगने ॲपलला द्यायचा १ अब्ज डॉलरचा दंड ५-५ सेंटच्या नाण्यांत, ३० ट्रक भरून पाठवला. सॉरी, ते खोटं आहे. मेसेज वाचून हसू आलं आणि केला फॉरवर्ड, चूक माझीच.

नंतर नुसता हिशोब मांडून बघितला. ५ सेंटचं नाणं ५ ग्रॅमचं, १ अब्ज डॉलरची २००० कोटी नाणी होतात, म्हणजे वजन १ लाख टन, एका ट्रकमध्ये तीन हजार टनांच्या वर, कुठला ट्रक ओढणार? मुळात ही गंमत होती मेक्सिकोतल्या एका विनोदी साइटची, आणि ती लोकांनी खरी मानली.

खरं काय तर ॲपलने सॅमसंगवर फोनची नक्कल केल्याचा खटला भरला होता, त्यात ऑगस्ट २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात ज्युरीने (निकाल देणारे सामान्य नागरिक) सुमारे १.०५ अब्ज डॉलर भरपाई ठरवली, पण पैसे लगेच द्यायचेच नव्हते. पुढे न्यायाधीशांनी त्यातला मोठा भाग रद्द करून फेरहिशोब लावला, केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, शेवटी जून २०१८ मध्ये तडजोड झाली, आकडा जाहीर नाही. मधे डिसेंबर २०१५ ला सॅमसंगने ५४.८ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं होतं, ते पण साध्या पद्धतीने.

आणि भांडण फक्त फोनच्या गोल कोपऱ्यांवरून होतं असंही नाही. यादी खाली सरकवत शेवटाला नेली की ती जराशी ताणून परत उडी मारते ना, त्याचंही पेटंट त्यात होतं!

तर तो ट्रकवाला मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथे हे टाका.