पंधराशे न्यूटनचं दार

आज सकाळी पावणेसातला मी माझ्याच घराबाहेर बनियन आणि बर्म्युडावर, हातात दुधाच्या दोन पिशव्या घेऊन उभा होतो. रिमोट आत, मोबाईल आत, बायको टेकडीवर फिरायला, आणि दार बंद.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एका हातात वॉकर धरून दार ओढायला तिला जमेना, म्हणून मी तापकीर गल्लीतून लिनियर अ‍ॅक्च्युएटर आणला. १२ व्होल्टची मोटर, नळीत लांब स्क्रू, मोटर फिरली की दांडा बाहेर येतो, प्लस-मायनस उलटं केलं की परत आत जातो, बास एवढंच. दुकानदार म्हणाला, साहेब पूर्वी केबलवाले गच्चीवरची मोठी डिश फिरवायला असलंच लावायचे, म्हटलं दार काय डिशपेक्षा जड आहे का. स्ट्रोक, म्हणजे दांडा जास्तीत जास्त जेवढा बाहेर येतो ते अंतर, ३०० मिलीमीटर, ताकद १५०० न्यूटन म्हणजे साधारण दीडशे किलो. दांडा सेकंदाला १० मिलीमीटर सरकतो, म्हणजे पूर्ण दार उघडायला ३० सेकंद. ३० सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, पण खांद्यावर सिलिंडर घेऊन बाहेर उभ्या असलेल्या माणसाला विचारा. आमचा सिलिंडरवाला मला आता दरवेळी "लग्नाचा मुहूर्त आहे का साहेब" असं विचारतो.

तर या स्क्रूची खोड अशी की करंट नसला की तो जागच्या जागी घट्ट. बाहेरून ढकलून दांडा मागे जात नाही. हे कळल्यावर मी अतिशहाणपणा करून दाराचं लॅच काढूनच टाकलं, कशाला पाहिजे म्हटलं, आणि वर एका मिनिटाने दार आपोआप बंद होईल असा टायमर लावला. आज खांदा लावून बघितला तर ब्रॅकेट करकरायला लागला. थांबलो. तो ब्रॅकेट मीच बसवलाय, त्यामुळे त्याची लायकी मला माहितीये.

बेल वाजवली. आई हळूहळू आली आणि दारापाशी उभं राहून "दाबतेय रे, होत नाहीये" म्हणाली. खिडकीतून बघतो तर हातात सेट-टॉप बॉक्सचा रिमोट. अगं आई तो नाही, चार बटणांचा छोटा काळा! "हाही काळाच आहे." बरं म्हणून ती परत आत शोधायला गेली, वॉकरच्या स्पीडने. (आतल्या भिंतीवर एक साधं बटण का नाही लावलं, हे बायकोने आल्याआल्या विचारून झालंय, तुम्ही नका विचारू.)

आणि तेवढ्यात शेजारचे काका. रो हाऊसमध्ये राहणाऱ्यांना हा प्रकार माहीत असेल, सकाळी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दुसऱ्यांच्या कंपाउंडमधली फुलं तोडायची आणि वर आपल्यालाच झाडाला खत घाला म्हणून सांगायचं. काका आमच्या जास्वंदीची फांदी खाली ओढून उभे होते. म्हणजे चोर रंगेहाथ सापडलाय, पण बनियनवर मी.

"काय रे, अडकलास?"

"नाही काका, असंच."

"किती खर्च आला याला?"

साडेनऊ हजार आले होते, मी पाच सांगितले.

"पाच हजार!" काकांनी एक फूल तोडलं. "कडी दीडशेला मिळते."

मी गप्प. मग दुसरं फूल तोडत अगदी सहज म्हणाले, "उघडू का?"

मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांनी झब्ब्याच्या खिशातून रिमोट काढला, हुबेहूब माझ्यासारखा, चार बटणांचा, आणि दाबला. दार घर्रर्र करत उघडायला लागलं.

"पाण्याच्या पंपाचा आहे," काका म्हणाले. "तीन महिने उघडतंय तुझं दार. मला वाटलं तुला माहितीये."

तीन महिने!

आता यात जादू काही नाही. स्वस्तातल्या ४३३ मेगाहर्ट्झच्या बऱ्याच रिमोटमध्ये कोड ठरवायला आठ पिना असतात, प्रत्येक पिन प्लसला, मायनसला नाहीतर मोकळी ठेवायची, तीन गुणिले तीन असं आठ वेळा, ६५६१ कोड होतात. पण त्या पिना सोल्डर करायच्या असतात हो. मी केल्या नाहीत, काकांच्या इलेक्ट्रिशियनने केल्या नाहीत, म्हणजे ६५६१ पैकी आम्हा दोघांच्या वाट्याला एकच कोड आला, सगळ्या पिना मोकळ्या. माझं ए बटण दार उघडतं, त्यांचं ए पंप चालू करतं. बी दाबलं की त्यांचा पंप बंद, पण माझं दार टायमरने बंद होतं, त्यामुळे मी बी कधी दाबतच नाही.

हे मी काकांना समजावून सांगत असतानाच त्यांच्या गच्चीवरून पाणी पडायला लागलं.

काकांनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तीन महिने आमची टाकी तू वाहवतोयस?" खरं तर आत्ताचा पंप त्यांनीच लावला होता, पण हे सांगायला गेलो तर म्हणाले, "तुझ्यासाठीच लावला ना!" मग लाइट बिल, मग पाणीटंचाई, मग त्यांनी या पंपापायी दोन इलेक्ट्रिशियनना कसं हाकललं, आणि हे सगळं माझ्या उघड्या दारात उभं राहून. मिनिट झालं की दार मध्येच बंद व्हायला लागायचं, की काका खिशात हात घालून परत उघडायचे. वरून पाणी चालूच. फुलांबद्दल एक अक्षर नाही. आमचं झाड, आमचं दार, आणि गुन्हेगार मी.

संध्याकाळी सोल्डरिंग गन घेऊन बसलो, आठ पिना, दहा मिनिटांचं काम. तर काका आले. म्हणाले, कोड बदलू नकोस रे, आई एकटी असते घरात, परत अडकलास तर? मी बायकोकडे बघितलं, तिने लगेच मान डोलावली. आई तर म्हणाली, त्यांचा रिमोट निदान सापडतो तरी.

पिना अजून मोकळ्याच आहेत. निघता निघता काकांनी आमच्या बाल्कनीतल्या कुंडीतला मोगरा पण बघून ठेवलाय.