खाली तेल नसेल, तर आतही नसेल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही एवढं सविस्तर आणि तळमळीने लिहिलंत, की दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं दिसणार नाही. म्हणून स्वतंत्र उत्तर.

क्लासिक गाडीवाल्यांच्या विनोदांवरचा माझा लेख तुम्हाला खटकला. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. आम्ही मंडळी दोषांचे लाड करतो: तेल गळतं, दिवे जातात, पावसात इंजिन बंद पडतं, आणि हे सगळं हसत हसत सांगताना नव्या गाडीला मात्र ‘चाकं लावलेला मोबाइल’ म्हणून हिणवतो. जुन्या गाड्या धूर ओकतात आणि अपघातात माणसं मारतात, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो. तुमची बहीण समोरासमोरच्या धडकेतून वाचली ती सीटबेल्ट आणि एअरबॅगमुळे. त्यामुळे ‘पूर्वीच्या गाड्या काय दणकट होत्या’ हे वाक्य कानावर पडलं की तुमचं डोकं फिरतं. आणि शेवटी तुम्ही थेट विचारलंत: स्वतःच्या मुलीला रोजच्या प्रवासाला यातली कुठली गाडी द्याल?

बहिणीच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यापुढे दुय्यम आहे.

तो दणकटपणाचा समज खोटा आहे आणि धोकादायकही आहे. माझ्याच गोटातली माणसं तो उराशी धरून बसतात तेव्हा मला तुमच्याइतकाच राग येतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ने १९५९ ची शेव्हर्ले बेल एअर आणि २००९ ची शेव्हर्ले मालिबू ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने एकमेकींवर आदळवल्या. दोन्ही गाड्यांची फक्त ड्रायव्हरकडची बाजू एकमेकींवर येईल, अशी ही धडक होती. बेल एअर म्हणजे लांबलचक बॉनेट, जाड पत्रा, भरपूर क्रोम. बघणाऱ्याला वाटावं की हिच्यापुढे मालिबूचं काय चालणार. प्रत्यक्षात बेल एअरचा ड्रायव्हरपुढचा सगळा भाग आत घुसला. तिथे माणूस असता तर वाचला नसता. मालिबूमधल्या माणसाच्या पायाला थोडी दुखापत, एवढ्यावर भागलं असतं. ती चित्रफीत आल्यावर आमच्यातल्या काहींनी ‘जुन्या गाडीतलं इंजिन आधीच काढून ठेवलं होतं’ अशी हाकाटी केली. इंजिन जागेवरच होतं, सहा सिलिंडरचं.

कारण साधं आहे. धडकेची ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. गाडीचा पुढचा भाग ठरवून चुरगळला तर ती पत्र्यात जिरते. नाही चुरगळला तर आतल्या माणसाच्या छातीत. बेला बारेनी या अभियंत्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे मांडून पेटंट घेतलं. त्याच्या कल्पनेवर बांधलेली मर्सिडीझ १९५९ मध्ये रस्त्यावर आली. त्याच वर्षी व्होल्वोच्या नील्स बोलीनचा तीन बिंदूंचा पट्टा, म्हणजे आजचा सीटबेल्ट, आला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा म्हणजे सरळ ड्रायव्हरच्या छातीवर रोखलेला लोखंडी भाला होता. ज्याला जुन्या गाडीवर खरोखर प्रेम करायचंय, त्याला हे माहीत असायलाच हवं.

धुराबद्दलही वाद घालणार नाही. पूर्व जर्मनीची टू-स्ट्रोक ट्रबांट मागे निळा ढग सोडत जायची, कारण ती पेट्रोलबरोबर तेलही जाळायची. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून सर्रास दिसू लागला, आणि पेट्रोलमधलं शिसं जगातून पूर्णपणे जायला २०२१ साल उजाडलं. कार्ब्युरेटरचं (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या भागाचं) इंजिन दर किलोमीटरला नव्या इंजिनापेक्षा कितीतरी घाण सोडतं. अशी गाडी कधीमधी, थोडीच बाहेर काढावी, रोजच्या कामाला जुंपू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘पूर्वीच्या गाड्या टिकायच्या’ हेही मला पटत नाही. कित्येक जुन्या गाड्यांचं किलोमीटरचं मीटर पाचच आकड्यांचं असायचं. लाखाच्या पुढे मोजायची वेळ क्वचितच येणार, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक होतं. आज आपल्याला दिसतात त्या टिकलेल्या. भंगारात गेलेल्या दिसत नाहीत, म्हणून आपली फसगत होते.

इथपर्यंत आपण एकाच बाजूला आहोत. विनोदांबद्दल मात्र मला तुमचं म्हणणं मान्य नाही.

आमच्यातला सगळ्यात जुना विनोद घ्या: ब्रिटिश गाडीखाली तेलाचा डाग नसेल तर घाबरा, आतलं तेल संपलंय. तुम्हाला यात दोषाचं कौतुक दिसलं. मला यात इंजिनाची रचना दिसते. त्या काळच्या अनेक इंजिनांत क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला रबरी ऑइल सील नसायचाच. त्याऐवजी शाफ्टवर स्क्रूच्या आट्यांसारखी खोबण कोरलेली असायची. शाफ्ट फिरू लागला की ती खोबण बाहेर येऊ पाहणारं तेल परत आत ढकलायची. इंजिन बंद झालं की ढकलणारं कोणी नाही, मग राहिलेलं तेल हळूहळू खाली. म्हणजे गाडी चालताना कोरडी आणि उभी राहिली की ठिबकणारी. हा विनोद एकदा ऐकलेला माणूस डाग बघून घाबरत नाही. तो तेल मोजायची दांडी ओढून पातळी बघतो, आणि डाग नेहमीपेक्षा मोठा दिसला तरच खाली वाकतो. एका वाक्यात एवढी माहिती मावते.

मिनीचं बघा. १९५९ ची मिनी म्हणजे ॲलेक इसिगोनिसची कमाल. इंजिन आडवं बसवलं आणि एवढ्याशा गाडीत चार माणसांना जागा काढली. पण आडव्या इंजिनामुळे डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटून देणारा भाग, आला समोरच्या जाळीच्या लगेच मागे. मुसळधार पाऊस लागला की पाणी थेट त्याच्यावर, आणि गाडी मिसिंग करत बंद. मालकांनी यावर काढलेला उपाय ही आमची आवडती गंमत आहे: डिस्ट्रिब्युटरला रबरी हातमोजा घालायचा. बोटांची टोकं कापायची आणि त्यांतून वायरी बाहेर काढायच्या. चार प्लगच्या चार आणि कॉइलची एक, मिळून बरोबर पाच. ज्या कोणाला हे पहिल्यांदा सुचलं, त्या माणसाला मी मनापासून मानतो.

ब्रिटिश गाड्यांना पुरवल्या जाणाऱ्या ल्युकास कंपनीच्या विजेच्या सामानावर तर विनोदांची खाणच आहे. दिव्याच्या बटणाच्या तीन जागा कोणत्या? मंद, लुकलुक आणि बंद. वायरींमध्ये धूर भरलेला असतो आणि त्यावरच सगळं चालतं, म्हणून धूर बाहेर पडला की गाडी बंद. आता यातला ‘लुकलुक’ नीट ऐका. दिवा लुकलुकतो तेव्हा बल्ब बहुधा ठीक असतो. अर्थची वायर जिथे बॉडीला जोडलीय तिथे गंज धरलेला असतो. तो स्क्रू काढायचा, खालचा पत्रा चकाकेपर्यंत घासायचा, स्क्रू परत आवळायचा. माझ्या पाहण्यातल्या जुन्या गाड्यांच्या निम्म्याहून जास्त विद्युत तक्रारी तिथेच मिटल्या आहेत.

फोर्ड मॉडेल टी उलटी चढ चढते, हीसुद्धा थाप वाटते आणि खरी आहे. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आणि पंप नाही. पेट्रोल उतारानेच कार्ब्युरेटरकडे वाहत जायचं. टाकीत पेट्रोल कमी आणि चढ तीव्र असला की इंजिन टाकीच्या वर जायचं आणि उपाशी मरायचं. मग गाडी वळवून रिव्हर्समध्ये वर न्यायची.

आमचे विनोद असेच आहेत: हसू वरवर, आत दोषाचं निदान. ते आपापसात सांगितले जातात, आणि सांगणाऱ्याचे हात बहुधा काळे असतात. पूर्व जर्मनीत ट्रबांटवर ढिगाने विनोद व्हायचे. मागच्या काचेला हीटर कशाला? ढकलताना हात गरम राहावेत म्हणून. तो विनोद करणारी माणसंही तीच गाडी मिळावी म्हणून दहा-दहा वर्षं आणि त्याहून जास्त थांबलेली होती. ज्याच्याशी रोजचा संबंध आहे, त्याचीच माणूस अशी थट्टा करतो.

आता ‘चाकं लावलेला मोबाइल’. हे वाक्य तुम्ही नव्या गाडीच्या मालकावर घेतलंत. ते त्याच्यावर नाही. ते अशा रचनेवर आहे जी मालकाला स्वतःच्याच गाडीबाहेर उभं करते. बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिन ऑइल बघायची दांडीच नाही. पातळी पडद्यावर दिसेल, सेन्सर शाबूत असेल तर. कित्येक गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर ती गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चालू राहतं. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी मासिक वर्गणी ठेवली होती. सीट गाडीत, तार सीटमध्ये, गाडी मालकाची, आणि ऊब मात्र भाड्याने! ओरड झाली, २०२३ मध्ये कंपनीने तो प्रकार थांबवला. ती ओरड करणाऱ्यांत नव्या गाड्यांचेच मालक होते.

पडद्यांचा प्रश्न तर तुमच्या सुरक्षेच्या मुद्द्यालाच येऊन भिडतो. २०२२ मध्ये स्वीडनच्या ‘व्ही बीलॅगारे’ या मासिकाने नव्या गाड्यांच्या बरोबरीने २००५ ची बटणांची व्होल्वो व्ही७० चाचणीला घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने चालवताना हीटर, रेडिओ, डॅशबोर्डचा उजेड अशी रोजची कामं करायची, एवढीच परीक्षा. जुन्या व्होल्वोत दहा सेकंद लागले, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे राहिलेल्या नव्या गाडीत सुमारे ४५ सेकंद लागले, म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त अंतर. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने आता २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन कॉल यांना हाताला लागणारी खरी बटणं असतील तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलंय. मला याचा फार आनंद झाला.

नव्या गाडीतल्या एका गोष्टीचं कौतुक मात्र आमच्यातले लोक करत नाहीत, ते मी करतो. स्टिअरिंगखालचं ओबीडी सॉकेट. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या गाड्यांना एकाच पद्धतीचं सॉकेट सक्तीचं झालं आणि कोणीही साधं रीडर लावून इंजिनाची तक्रार वाचू लागला. हे आलं प्रदूषणाच्या नियमांमुळे. ज्या नियमांना आमची मंडळी शिव्या घालतात, त्यांनीच घरच्या घरी गाडी हाताळणाऱ्याला दार उघडून दिलं. मॅसेच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला, तो याच दिशेने.

तरी रीडर म्हणजे निदान नव्हे. समजा रीडरवर ‘पी०१७१’ हा कोड आला. अर्थ एवढाच की मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मग हवेचा पाइप तडकलाय, हवा मोजणारा सेन्सर मळलाय की पेट्रोलचा पंप थकलाय? ते शोधायला तोच कान लागतो जो जुन्या इंजिनावर तयार होतो. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतले पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) घासायचे, फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, साधारण ०.४ मिलिमीटर फट लावायची, सेल्फ मारायचा आणि आवाज कसा बदलला ते ऐकायचं. हे केलेल्या माणसाला ठिणगी, हवा आणि इंधन यांचं नातं पाठ करावं लागत नाही. म्हणून जुन्या गाड्या जपाव्यात असं मला वाटतं. आणि म्हणूनच नव्या गाड्यांकडे माझी मागणी आहे: एअरबॅग ठेवा, स्थिरता राखणारी यंत्रणा ठेवा, कन्व्हर्टर ठेवा, पण बॉनेटखालचं मालकाला कळू द्या आणि दुरुस्तीची माहिती दडवू नका. या दोन्ही गोष्टी एका गाडीत मावत नाहीत असं मला कोणी पटवून दिलेलं नाही.

मुलीच्या गाडीबद्दल: नवी. एका क्षणाचाही विचार न करता नवी. जुनीत ती माझ्याबरोबर बसेल ती सकाळच्या उजेडात, रिकाम्या रस्त्यावर आणि पट्टे बसवलेले असतील तरच. रात्री नाही, पावसात नाही, हायवेवर तर नाहीच.

तुमची बहीण आता बरी असेल अशी आशा आहे. एक विचारायचं होतं. ती गाडी दुरुस्त करून वापरात असेल, तर फक्त एअरबॅग बदलून भागत नाही. धडकेत पट्टा झटक्यात घट्ट ओढणारे प्रीटेन्शनरही बहुधा उडालेले असतात, आणि ते एकदाच चालतात. दुरुस्तीच्या बिलात पुढच्या दोन्ही पट्ट्यांची नोंद आहे का, तेवढं बघा. शिवाय गाडी चालू करताना डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही तर कदाचित कोणीतरी तो बंद करून ठेवलाय, आणि ते जास्त वाईट. काही शंका वाटली तर गाडीचं मॉडेल आणि साल इथेच खाली लिहा.