वाघेरीवर केदारकंठा

गोव्याच्या थंडीला गोव्याबाहेर कोणी थंडी मानत नाही. जानेवारीत परदेशी पाहुणे हरमलच्या वाळूत उघडेबंब लोळत असतात आणि त्याच सकाळी आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, कानटोपी घालून, वर मफलर गुंडाळून, भोंपू वाजवत दारात उंडे घेऊन येतो. आमची बाजू तरीही भक्कम आहे, कारण ती सरकारमान्य आहे. मैदानी भागात पारा १० अंशांपर्यंत उतरल्याशिवाय हवामान खातं थंडीची लाट म्हणत नाही. किनारपट्टीला मात्र १५ अंशांवरही लाट मंजूर होते, फक्त सरासरीपेक्षा साडेचार अंशांची घसरण हवी. म्हणजे रोख पाच अंशांची सवलत. सरकारकडून आणखी कुठे एवढी मिळते? मिळाली आहे तर आम्ही कुडकुडणारच.

माझ्या भाच्याला ही सवलत मान्य नाही. तो एकदा उत्तराखंडात जाऊन केदारकंठा करून आला. साडेबारा हजार फूट, भर हिवाळ्यात, बर्फातून. तेव्हापासून घरात कोणी पंखा बंद केला तरी तो कौतुकाने हसतो. त्याचा पर्वरीचा फ्लॅट लहान, म्हणून त्याचं सगळं हिमालयी सामान साखळी गावी माझ्या माळ्यावर असतं. ते सामान उतरवायला तो आला आणि जाताना म्हणाला, "मामी, शनिवारी पहाटे वाघेरी. तू येतेयस."

वाघेरी हा डोंगर सत्तरी तालुक्यात आहे, केरी गावाच्या डोक्यावर. उंची सुमारे ७२५ मीटर. भाचा ती फुटांत सांगतो, कारण २,४०० म्हटलं की जरा वजन येतं.

आदल्या दिवशी मला फोनवर थरांचं शिक्षण मिळालं. अंगाला लागून घाम ओढून घेणारा थर, त्यावर ऊब धरणारा थर आणि सगळ्यांत वर वारा अडवणारा थर. सुती काही घालायचं नाही, सुती कापड बर्फात जिवावर बेतू शकतं. त्यात तथ्य आहे. सुताने घाम एकदा पिऊन घेतला की ते लवकर वाळत नाही आणि ओलं कापड अंगातली ऊब शोषत राहतं. पण माझ्या कपाटात सुताशिवाय आहे काय? लग्नातले दोन शालू. ते घालून डोंगर चढणं हिमालयाच्याही नियमात बसत नसावं.

शेवटी ट्रंकेतून स्वेटर काढला. गोव्यातल्या स्वेटरचं आयुष्य फार करुण असतं. चार महिने तो पावसाची दमट हवा खातो, उरलेले महिने डांबराच्या गोळ्या खातो, आणि बाहेर येतो तो जेमतेम दोन तासांसाठी. माझ्याच्या कॉलरखाली बुरशीचे पांढरे ठिपके होते आणि चेन गंजून बरोबर मध्यावर बसली होती. तिच्यावर मेणबत्ती घासली, खोबरेल लावलं, मग आमच्या ह्यांनी पक्कड आणली. चेन वर सरकली आणि तिथेच राहिली. म्हणजे स्वेटर आता बरणीच्या तोंडातून हात काढावा तसा डोक्यावरूनच काढायचा. मी म्हटलं, राहू दे, थंडीत काढायचाय कोणाला.

पहाटे केरीला पोचलो तेव्हा खरोखर थंडी होती. तोंडातून वाफ निघत होती. भाचा इतका खूश झाला, जणू ती त्यानेच मागवली होती. त्याने पॉवर बँक मोज्यात घालून पोटाशी धरली, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते. पाण्याची बाटली त्याने माझ्या सॅकमध्ये उलटी खोचली. का, तर पाणी वरून गोठायला लागतं. बाटली उलटी ठेवली की बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. युक्ती खरी आहे आणि बर्फात उपयोगी पडत असणार. केरीत मात्र बाटलीचं झाकण ढिलं निघालं आणि न गोठलेलं सगळं पाणी माझ्या पाठीवरून उतरून चपलेपर्यंत गेलं. मधला थर, ऊब धरणारा, चिंब.

"वर अजून थंड असेल," भाचा मला धीर देत होता. हजार मीटरला साडेसहा अंश उतरतात, तेव्हा माथ्यावर चारेक अंश कमी धर.

सुरुवातीला काजूची बागायत लागली. मोहोर धरला होता, अंधारातही वास येत होता. एक आजोबा लुंगी वर खोचून, खांद्यावर कोयता टाकून समोरून आले. भाच्याच्या चकचकीत जॅकेटवर त्यांनी बॅटरी मारली, मग आभाळाकडे मारली आणि काळजीने विचारलं, "पावस येतलो काय रे?"

पुढे चढ लागला आणि भाच्याचं गणित घसरलं. जसजसे वर जाऊ तसतसं गरम व्हायला लागलं. मला वाटलं वय झालं, पण घाम त्यालाही फुटला होता. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, तिला चिकटलेली हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून घरंगळत दरीत जाऊन साठते. अशा पहाटे थंडी तळाला आणि ऊब वर असा उलटा कारभार असतो. सगळी थंडी आम्ही केरीतच मागे टाकून आलो होतो. उजाडल्यावर खाली पाहिलं तर अंजुणे धरणावर धुक्याची दुलई, आणि आम्ही तिच्या वर, उन्हात, तीन थरांत.

भाच्याचे थर एकेक करून सॅकवर आले. माझा स्वेटर निघेना. चेन गळ्याशी अडकलेली, घामाने लोकर कानांना धरून बसलेली. भाच्याने बाह्या ओढल्या, मी मान आत घेतली. मधे काही क्षण मी पूर्ण आत होते आणि बाहेरून तो विचारत होता, "मामी, श्वास येतोय ना?" डांबराच्या गोळ्यांचा येत होता.

गोव्यात थंडीतल्या डोंगराचा खरा छळ हा आहे. थंडी साडेआठला संपते, तिचं सामान मात्र खाली उतरेपर्यंत वाहावं लागतं.

उतरताना सुट्या खड्यांवर भाचा एकदम लंगडायला लागला. पाहिलं तर केदारकंठ्याच्या बुटाचा सोल पुढून सुटून जीभ काढून बसला होता. दहा पावलांवर दुसरा. बुटांच्या सोलात पॉलियुरेथेन असतं. ते वापराने जितकं झिजत नाही तितकं नुसतं ठेवून खराब होतं. हवेतली ओल त्याला आतून पोखरते. आमच्या माळ्यावर चार-पाच पावसाळे काढल्यावर वेगळं काय होणार? माझी साधी रबरी चप्पल ओली होती, पण शाबूत होती.

निघताना माझ्या गुडघ्याचं क्रेप बँडेज पाहून भाचा म्हणाला होता, "मामी, एवढ्याशा डोंगराला हे कशाला?" ते मी सोडलं, दातांनी मधोमध फाडलं आणि त्याचे दोन्ही बूट बांधून दिले. गुडघा कुरकुरला, पण गप्प राहिला. केरीत भाजी-पावाच्या हॉटेलात लोकांनी त्याच्या पायांकडे बघून त्याला आधी बसायला जागा दिली. कोणीतरी विचारलंही, "खंय पडलो?" भाच्याने मान खाली घालून मिरची भजी मागवली.

साखळीच्या बाजारात चांभाराला बूट दाखवले. त्याने सोल चिमटीत धरला, त्याची भुकटी झाली. ती फुंकून टाकत तो म्हणाला, "बाई, ह्याला आता गोंद नको. दिवस घाला."

भाच्याने नवीन मागवलेत, जुन्यापेक्षा महाग. काल खोकं आलं. माळ्यावर जागा आहे का, म्हणून विचारत होता.