भूक लागली होती का, हे कुणी विचारलं तिला?

आज सकाळपासून डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या सोसायटीत दोन महिने 'वजन घटवा' ग्रुप चालू आहे. दर रविवारी वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आकड्याचा फोटो टाकायचा. घटलं की टाळ्या. आज एकीचं वजन पावणेदोन किलोंनी वाढलेलं निघालं. तिने लपवलं नाही, सरळ फोटो टाकला. लगेच खाली सुरू झालं. "रात्री फ्रीजची पूजा केलेली दिसते." "तोंडावर ताबा नको का?" मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. दहा मिनिटांत ती ग्रुपमधून बाहेर पडली. त्यावर एका काकांचं, "खरं बोललेलं झोंबतं लोकांना."

काका, तिच्या रात्रीचं काय माहीत आहे तुम्हाला?

मला माहीत आहे, कारण मी त्यातून गेलेय. सहा वर्षांपूर्वी सासरी, सदाशिव पेठेतल्या घरी गौरी होत्या. पूजनाचं जेवण म्हणजे पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, पंचामृत, सगळं साग्रसंगीत. मी तेव्हा कडक डाएटवर. पाच महिन्यांत नऊ किलो उतरवले होते. ताटात घेतली काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर आमटी. पोळी जावेच्या ताटात सरकवली. अख्खी पंगत कौतुक करत होती, "काय निग्रह आहे हो हिचा!" आणि मला ते कौतुक जेवणापेक्षा गोड लागलं, हे आज कबूल करते.

त्याच रात्री दीड वाजता मी स्वयंपाकघरात अंधारात उभी होते. हातात फराळाचा स्टीलचा डबा. झाकण वाजू नये म्हणून ओढणीत धरून उघडलं. पहिला बेसनाचा लाडू गोड लागला. तिसऱ्यानंतर चव कळेना. चावत नव्हते, गिळत होते. टाळूला बेसन चिकटलेलं, पोट तटतटलेलं, तरी हात डब्यात जातच होता, जणू दुसऱ्या कुणाचा असावा. लाडू संपल्यावर करंज्या. तेवढ्यात दिवा लागला. सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, दिवा मालवला आणि गेल्या.

सकाळी चहा देताना हळूच म्हणाल्या, "रात्री भूक लागली होती का गं तुला?"

मी ओट्याला टेकून रडले. पाच महिने सगळे 'किती उतरलं?' एवढंच विचारत होते. भुकेचं कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. तेही एक वर्ष लपवण्यात घालवल्यावर. तिथे कळलं की याला नाव आहे, बिंज ईटिंग डिसऑर्डर. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने २०१३ साली निदानाच्या ग्रंथात त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. तीन महिने, आठवड्यातून निदान एकदा तरी असं बेताल खाणं होतं. भूक नसताना, भराभर, पोट दुखेपर्यंत, लाजेने एकट्याने, आणि नंतर स्वतःची किळस. ऐकताना मला तो डबाच दिसत होता. हो, दिवाळीत चार चकल्या जास्त खाणं म्हणजे आजार नव्हे, तेवढं मलाही कळतं.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते विसरत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या जेवणावर ठेवलं होतं. दिवसरात्र त्यांच्या डोक्यात खाणंच. आणि पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर कित्येकांना कितीही खाल्लं तरी समाधान होईना. तेही सगळे 'हावरट' होते का? प्रत्येकाच्या बेताल खाण्यामागे उपासमारच असते असं नाही. ताण असतो, एकटेपण असतं, जुनी दुखणी असतात. पण माझ्या बाबतीत तरी दिवसभर मारलेली भूक रात्री व्याजासकट वसुलीला यायची. आणि त्या व्याजाला आपण 'ताबा नाही' म्हणायचं?

वजन कमी करू नये असं मी म्हणत नाही. शुगर आहे, गुडघे आहेत, डॉक्टर सांगतात ते खरंच आहे. पण माणसाला काट्यावर चढवून गावभर आकडा दाखवल्याने कुठला गुडघा बरा होतो? मला उपचारात पहिलं काय सांगितलं असेल? जेवण चुकवायचं नाही. तीन-चार तासांनी ठरलेलं खायचं, काल रात्री काहीही झालेलं असलं तरी. वजन आठवड्यातून एकदाच, तेही आपल्यापुरतं. पहिल्या दिवशी सकाळी दोन पोळ्या-भाजी खाताना माझे हात कापत होते. 'काल एवढं खाल्लं, आज कसं खाऊ' हेच डोक्यात. महिने गेले त्यात. नऊपैकी सहा किलो परत आले. रात्रीचा डबा मात्र सुटला.

एक सांगते. ज्यांनी आज हसणारे चेहरे टाकले, ती माणसं वाईट नाहीत. त्यातल्या एकीने माझ्या मुलीच्या डेंग्यूत आठ दिवस डबा दिलाय. म्हणून तर जास्त लागलं. आजारी लेकराला मऊ भात करून देणारी बाई शेजारणीच्या पोटावर हसते, कारण हे दुखणं आहे हेच तिला कुणी सांगितलेलं नाही. मी तरी कुठे सांगितलं? दोन महिने त्याच ग्रुपमध्ये गप्प बसून होते. दर रविवारी टाळ्याही वाजवल्या.

मघाशी ग्रुपवर लिहिलं की आकड्यांचे फोटो बंद करा, नाहीतर मीही बाहेर पडते. अजून कुणाचं उत्तर नाही. काकांनी वाचलंय, निळ्या खुणा दिसतायत.

तिला दुपारी फोन केला होता. उचलला नाही. आता साडेआठ वाजलेत. वरण-भात झालाय, तेवढा डब्यात भरून तिच्याकडे जाते.